बँकेचा वकील आणि आपला प्लॉट

परभणीत कुणी 'गुंतवणूक' म्हटलं, की ऐकणाऱ्याला 'प्लॉट' असंच ऐकू येतं. शेअर बाजार म्हणजे जुगार, म्युच्युअल फंड म्हणजे टीव्हीवरची जाहिरात, सोनं लग्नासाठी. पैसा खरा तो जमिनीत, यावर चहाच्या टपरीपासून मशिदीच्या वुजूखान्यापर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, पाथरी रोड, शहराबाहेर जाणारा कुठलाही रस्ता धरा. थोडं पुढे गेलं की कापूस-सोयाबीनच्या मधोमध चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि कुठल्या तरी 'नगर'ची कमान दिसते.

गेल्या रमजान ईदला भाचा पुण्याहून आला होता. वय 25, खासगी कंपनीत नोकरी, साडेतीन वर्षांत पोटाला चिमटा घेऊन चार लाख साठवलेले. म्हणाला, "मामू, एक पलाट देख के रखा हूँ. छे लाख का. तीन अब्बी देना, बाकी के हप्ते. ब्याज कुछ नै. लेऊँ क्या?"

असं विचारणारा तो एकटा नाही. पुण्यात, हैदराबादेत, आखातात कामाला गेलेली आपली बहुतेक पोरं पहिली बचत इथेच घालतात. तीन-चार वर्षांची कमाई एका सहीवर ठरते. म्हणून भाच्याला जे सांगितलं, ते जरा नीट मांडून इथे लिहितो.

बँक नसली की काय नसतं?

भाच्याच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द होता, 'ब्याज कुछ नै'. आपल्यापैकी अनेक जण व्याजाला हात लावत नाहीत. घरासाठी कर्ज चालेल की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो निर्णय ज्याचा त्याने करायचा. व्याजाशिवायच्या बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने ठरवलं, हे 2017 मध्ये स्पष्ट झालं. त्यामुळे ज्याला व्याज नको त्याच्यापुढे रोख किंवा विकणाऱ्याचे हप्ते, एवढेच दोन रस्ते उरतात. ठरलेल्या किमतीचे हप्ते पाडणं यात गैर काही नाही.

पण कर्ज टाळताना आपल्या हातून आणखी एक गोष्ट सुटते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. बँक कर्ज देण्याआधी कागद आपल्या वकिलाकडे पाठवते. तो जमिनीचा तीस-तीस वर्षांचा इतिहास शोधतो, मालक कोण, बोजा कुणाचा, वाद कुठला, हे लिहून देतो. मूल्यांकन करणारा जागेवर जाऊन येतो. एखादा कागद कमी पडला तर बँक सरळ नाही म्हणते. बँक हे स्वतःच्या पैशासाठी करते, पण त्यात घेणाऱ्याचंही रक्षण होतं. आपण कर्ज घेत नाही, म्हणजे आपल्या व्यवहारात तो वकील नसतो.

हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. ज्या जमिनीच्या कागदाला बँक उभी करत नाही, ती जमीन मग रोखीच्या गिऱ्हाइकाकडे येते, दर थोडा उतरवून आणि 'बिनव्याजी हप्ते' असं सांगून. सगळेच विकणारे असे नसतात. नीट एनए करून, लेआउट मंजूर करून, पहिल्या दिवशी कागद पुढे ठेवणारेही इथे आहेत. पण दोघांतला फरक ओळखायचं काम आता आपल्यावर आहे.

सूरह बकरामध्ये 275 व्या आयतीपासून व्याजाची मनाई येते. त्या ओळीत थोडंच पुढे 282 वी आयत आहे, कुराणातली सर्वांत मोठी. ती सगळी देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदत ठरवा, लिहिणारा प्रामाणिक असू द्या, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. व्याजाची आयत आपल्याला पाठ असते. तिच्या शेजारची ही आयत मात्र आपण प्लॉट घेताना विसरतो आणि 'अपना ही आदमी है' म्हणून इसार देऊन मोकळे होतो.

बाँडपेपर म्हणजे मालकी नव्हे

आमच्या मोहल्ल्यात एक दर्जी आहेत. त्यांनी 36 महिने हप्ते भरले, एकही चुकवला नाही. हातात काय, तर नोटरीचा शिक्का मारलेला बाँड. शेवटच्या हप्त्यानंतर रजिस्ट्रीचा विषय काढला तेव्हा कळलं, की त्याच नंबरच्या प्लॉटचा बाँड आणखी एकाकडे आहे आणि सातबारावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे. आज ते दोघे एकमेकांना दोष देतात. विकणारा नामानिराळा.

कायदा यात स्वच्छ आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. आपल्याकडे नेमका शंभराच्या बाँडवर लाखोंचा व्यवहार व्हायचा. आता बाँड पाचशेचा झाला, कागदाची ताकद तेवढीच राहिली. मुखत्यारपत्र करून जमीन 'विकण्या'चा दुसरा प्रकारही असाच. त्याने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे.

'रजिस्ट्री होत नाही, पण बाँड करून देतो' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा का होत नाही हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर तुकडेबंदीत असतं. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून 1947 चा हा कायदा आहे. 2023 पासून राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे किमान प्रमाण आहे. शिवाय मराठवाड्याला हैदराबादचा 1950 चा कुळवहिवाट कायदा लागू आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. एनए न झालेल्या शेतातला एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, या दोन्ही कायद्यांत अडकतो.

अशाच एकेका गुंठ्यातून आपल्या कित्येक वस्त्या उभ्या राहिल्या. जुन्या मोहल्ल्यात जागा उरली नाही, मंजूर लेआउट परवडला नाही, लोकांनी शेतकऱ्याकडून गुंठा घेतला आणि पत्रे टाकले. सरकारने 2001 मध्ये गुंठेवारी कायदा केला, 2021 मध्ये दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्यात आणलं. तुकडेबंदीतल्या जुन्या व्यवहारांनाही अलीकडे सवलती मिळाल्या. ज्यांची घरं आधीच तिथे आहेत त्यांनी याचा फायदा जरूर घ्यावा. पण आज नवा प्लॉट घेणाऱ्या पंचविशीतल्या मुलाने 'पुढे नियमित होईल' या आशेवर पैसे टाकू नयेत. सवलत नेहमी मागच्या तारखेची असते.

निजामाच्या काळातले कागद

आपला जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे इतिहासाच्या पुस्तकातलं वाक्य प्लॉट घेताना जिवंत होतं. निजामाच्या काळात मशिदी, दर्गे, आशूरखाने, मंदिरं यांच्या सेवेसाठी जमिनी इनाम दिल्या गेल्या. 1954 च्या कायद्याने बाकीची इनामं खालसा झाली, धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची मात्र त्यातून वगळली गेली. या जमिनी अजून गावोगाव आहेत. काही कागदावर स्पष्ट दिसतात, काही दोन-तीन हस्तांतरणांखाली दबल्या आहेत.

वक्फची जमीन मुतवल्लीला परस्पर विकता येत नाही. विकली तरी तो व्यवहार कायद्याने टिकत नाही. देवस्थानाच्या जमिनीलाही असेच निर्बंध आहेत. वक्फच्या बाबतीत आपल्यासाठी प्रश्न कायद्यापुरता नाही. ज्याने ती जमीन अल्लाहच्या नावाने सोडली, त्याच्या नियतीवर आपण घर बांधायचं का, हेही आहे.

म्हणून मराठवाड्यात चालू सातबारा पाहून भागत नाही. 1954 चं खासरा पाहणी पत्रक काढावं आणि तिथून आजपर्यंतचे सगळे फेरफार एकामागे एक लावावेत. मध्ये एखादा दुवा तुटला असेल तर तो का तुटला ते विचारावं. सातबारावर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 हे पाहावं. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग 'इतर अधिकार' हा रकाना वाचावा. कूळ, सोसायटीचा बोजा, नवीन शर्त, न्यायालयातला दावा, सगळं तिथे असतं. लोक मालकाचं नाव बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात.

आमच्या दादांची पिढी उर्दू मुंतखब सहज वाचायची. आता ते कागद वाचणारं घरात कुणी नाही. पण मराठी कागदातले कब्जा, मिळकत, वारस, हक्क, दस्त, नकाशा हे शब्द तर आपल्या घरातलेच आहेत. त्यांना घाबरायचं कारण नाही. महाभूलेखवर सातबारा फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. प्लॉट शहर भूमापनाच्या हद्दीत असेल तर मालमत्ता पत्रक काढा. लेआउट 500 चौरस मीटरहून मोठा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या वर असेल, तर 2017 पासून महारेराकडे त्याची नोंदणी लागते. नंबर मागा आणि संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. भाच्याकडून अर्धी रक्कम आधी मागितली होती.

सोळा आण्यांतले सात आणे

कागद नीट असला तरी विकणारा पूर्ण मालक आहे का, हा प्रश्न उरतो. इथे हिंदू आणि मुस्लिम घरांचे नियम वेगळे आहेत आणि घेणाऱ्याला दोन्ही माहीत हवेत. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलांना जन्मतः हक्क असतो, 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही तेवढाच. मुस्लिम घरात जन्माने हक्क येत नाही. बाप हयात आहे तोवर तो एकटा मालक. पण तो वारला, त्या क्षणी सगळ्या वारसांचे हिस्से ठरतात.

समजा मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. जमीन सोळा आणे धरली तर पत्नीचे दोन आणे, मुलाचे सात, मुलींचे साडेतीन-साडेतीन. 'अब्बा की जमीन है, मैं ही बेच रहा हूँ' म्हणणाऱ्या त्या मुलाच्या मालकीचा निम्मा भागही नाही. बहिणींच्या सह्या नसतील, नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर तुम्ही सोळा आण्यांचे पैसे देऊन सात आणे घेताय. दहा वर्षांनी एखादी बहीण किंवा तिची मुलं कोर्टात आली तर ती बरोबर असतील.

आणि हक्कसोडपत्र असलं तरी एकदा विचारून पाहावं, आपा खुशीने सोडतायत का? माहेर तुटेल या भीतीने सही करणाऱ्या बहिणी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. असा स्वस्त प्लॉट मला नको, एवढं म्हणायची ताकद गुंतवणुकीच्या पहिल्याच पायरीवर हवी.

दुप्पट म्हणजे किती?

आता हिशोब. दलालाचं आवडतं वाक्य, 'आठ साल में डबल'. धरू या की खरंच झालं. सहा लाखांचा प्लॉट, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी साधारण सहा-सात टक्के, वकील आणि मोजणी धरून वर 50 हजार. म्हणजे साडेसहा लाख. आठ वर्षांनी 12 लाखांना विकला. दलाली दोन टक्के, 24 हजार. नफा सव्वापाच लाखांच्या आसपास, त्यावर भांडवली नफ्याचा कर 12.5 टक्क्यांनी साधारण 66 हजार. हातात उरले 11 लाख 10 हजार. साडेसहाचे अकरा लाख दहा, आठ वर्षांत. वर्षाला सात टक्क्यांच्याही जरा खालीच. मध्ये भाडं नाही, उलट कुंपण आणि राखण.

अजून जकात राहिली. राहण्यासाठी घेतलेल्या प्लॉटवर जकात नाही. पण विकून नफा करायच्या नियतीने घेतला असेल, तर बहुतेक उलेमांच्या मते तो व्यापाराचा माल आहे आणि दरवर्षी बाजारभावावर अडीच टक्के जकात लागू होते. आपल्या मौलानांना विचारून घ्या. नियत आधी ठरवली तर हिशोबही आधी होतो. 'बघू, राहू किंवा विकू' असं मनात ठेवणाऱ्याचा दीन आणि हिशोब, दोन्ही धूसर राहतात.

याचा अर्थ प्लॉट घेऊ नये असा नाही. घर बांधायचं असेल तर प्लॉटसारखी गोष्ट नाही. पण 'जमीन कधी पडत नाही' म्हणून चार लाखांतले चारही लाख त्यात घालणाऱ्याने उद्या घरात आजारपण आलं तर काय करायचं? प्लॉट अर्धा मोडता येत नाही. गिऱ्हाईक मिळायला कधी महिने, कधी वर्षं जातात.

भाव चढतात ते पुष्कळदा बातमीवर. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा केली, साईबाबांच्या जन्मस्थळावरून शिर्डी बंद राहिली, आणि त्या महिन्यात मला पाथरी रोडच्या प्लॉटांचे दोन फोन आले. जालना-नांदेड महामार्गाच्या बातमीनंतरही तेच. रस्ता होईलही. पण नकाशावरची रेघ आपल्या प्लॉटशेजारून जाते की प्लॉटातून, हे फोनवर कळत नाही. जमीन संपादनात गेली तर मोबदला कागदावरच्या मालकाला मिळतो, बाँडवाल्याला नाही.

पहिली पायरी

नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय करावं? प्लॉट पावसाळ्यात पाहायला जा. उन्हाळ्यात इथली काळी जमीन भेगाळलेली पण कोरडी असते, सगळं छान दिसतं. जुलैत त्याच जागी मोटारसायकल चाकाच्या आसापर्यंत रुतते. लेआउटमधले रस्ते आखले आहेत की केले आहेत, पाणी कुठून कुठे वाहतं, ते तेव्हाच समजतं. काळ्या मातीत पायाचा खर्चही जास्त येतो, तो धरूनच दर बोला.

इसार देण्याआधी वकिलाकडून शोध अहवाल घ्या. वकील आपला निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झालेली आहे का ते पाहा, नसेल तर मागा. पैसे बँकेतून द्या. स्थावर मालमत्तेत 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं तसंही कायद्यात बसत नाही. मित्र मिळून घेत असाल तर खरेदीखतात सगळ्यांची नावं आणि हिस्से लिहा. दोस्ती टिकावी म्हणूनच लिहा.

भाच्याने विकणाऱ्याकडे एनएचा आदेश आणि महारेराचा नंबर मागितला. 'हो जाता, तुम टोकन तो दो' असं उत्तर आलं. त्याने टोकन दिलं नाही. सध्या तो मंजूर लेआउटमधला याच्या निम्मा प्लॉट शोधतोय आणि दर महिन्याला बचत चालू आहे.

घराचा कागद आज आपल्यासाठी कमाईपेक्षा मोठी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सांगितलं, की 15 दिवसांची नोटीस आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही. पण ती संधी मिळाल्यावर पुढे ठेवायला खरेदीखत आणि बांधकाम परवाना लागतो.

आपल्या मोहल्ल्यांतून आता वकिली शिकलेली मुलं-मुली बाहेर पडतायत. मशिदीच्या कमिट्यांनी त्यांना महिन्यातून एका जुम्याला नमाजनंतर तासभर बसवावं. ज्याला प्लॉट घ्यायचा आहे त्याने सातबारा घेऊन यावं आणि वाचून घ्यावा. एक टेबल आणि दोन खुर्च्या लागतील. ज्या मशिदीत हे सुरू होईल, तिथे खुर्च्या मी आणून देतो.